इलेक्ट्रॉनचा दुसरा गुण

(बाळकुम येथे विद्यार्थी, शिक्षक व पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर, स्मरणिकेच्या वाचकांसाठी.)



मला दिलेला विषय आहे ‘धातूंतील विद्युतवहनावर चुंबकाचा परिणाम आणि स्पिन प्रवाह’. नाव ऐकूनच काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. पण हा विषय प्रयोगशाळेच्या कपाटात बंद असलेला नाही. तो बाळकुम नाक्यावरून रोज जातो-येतो.

विजेवर चालणारी स्कूटर किंवा रिक्षा घ्या. उजव्या हाताची मूठ पिळली की गाडी वेग घेते. पेट्रोलच्या जुन्या गाडीत त्या मुठीला केबल जोडलेली असते आणि ती ओढली जाते. विजेच्या गाडीत अशी ओढली जाणारी केबल नसते. मुठीत चुंबकाचा लहान तुकडा फिरतो आणि त्याच्याजवळ तीन पायांचा, डाळीच्या दाण्याएवढा एक काळा भाग बसवलेला असतो. मूठ फिरेल तसे त्या भागातून मिळणारे व्होल्टेज साधारण एकपासून चार व्होल्टच्या आसपास वाढत जाते. कंट्रोलर ते वाचतो आणि मोटारीला तेवढी वीज देतो. गॅरेजमधली मुले या भागाला ‘हॉल सेन्सर’ म्हणतात. तो बिघडला की काढतात आणि दुसरा लावतात. या ‘हॉल’चा सभागृहाशी काही संबंध नाही. ते एका माणसाचे नाव आहे. तो माणूस कोण, त्याने काय पाहिले आणि त्यातून पुढे काय निघाले, हेच आज सांगायचे आहे.

वीज चुंबकाला हलवते

प्रथम एक जुनी, पण आपल्या शेजारची गोष्ट. विजेचा प्रवाह वाहत असलेल्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते, हे डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी १८२० मध्ये दाखवले. म्हणजे वीज चुंबकावर जोर लावते. मुंबईत कुलाब्याला १८२६ मध्ये वेधशाळा स्थापन झाली आणि १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जाऊ लागल्या. पुढे मुंबईच्या घोड्यांच्या ट्राम विजेवर चालवण्याचे ठरले. रुळांतून आणि तारांतून मोठा प्रवाह वाहू लागला असता, तर वेधशाळेच्या नाजूक सुया पृथ्वीऐवजी ट्रामचीच नोंद करत बसल्या असत्या. तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली चुंबकीय नोंदींचे काम अलिबागला हलवण्यात आले. अलिबागची वेधशाळा १९०४ मध्ये सुरू झाली आणि विजेची ट्राम मुंबईत १९०७ मध्ये धावली. त्या संकटाआधीच जागा बदलली, म्हणून मुंबई परिसरातील चुंबकीय नोंदींची परंपरा अखंड राहिली.

वीज चुंबकाला हलवते, हे झाले. आता उलट प्रश्न विचारा. चुंबक तारेतील विजेला हलवतो काय? चुंबकाजवळ ठेवलेली, प्रवाह वाहणारी तार ढकलली जाते, हे सर्वांना ठाऊक होते. आपल्या पंख्याची मोटार त्यावरच फिरते. पण जोर कोणावर लागतो? तारेच्या धातूवर, की आत वाहणाऱ्या विजेवर?

एका विद्यार्थ्याचा प्रश्न

जेम्स क्लर्क मॅक्सवेल हे त्या काळचे विद्युतशास्त्रातील सर्वात मोठे नाव. त्यांच्या ग्रंथात असे विधान होते की, हा जोर वाहकावर लागतो, त्यातील प्रवाहावर नव्हे. अमेरिकेत बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एडविन हॉल नावाचा एक विद्यार्थी होता. आधी शाळेत नोकरी करून तो पुढील शिक्षणासाठी आला होता. मॅक्सवेलचे ते वाक्य त्याला पटले नाही. तार ढकलली जाते ती प्रवाह असताना, प्रवाह नसताना नाही. मग जोराचा संबंध प्रवाहाशीच असला पाहिजे, असे त्याच्या मनात आले. त्याच सुमारास त्याच्या वाचनात दुसऱ्या एका शास्त्रज्ञाचा लेख आला. त्यातील मत मॅक्सवेलच्या उलट होते.

दोन पुस्तकांत दोन मते दिसली की आपण काय करतो? परीक्षेला जे पुस्तक नेमले असेल ते खरे धरतो. हॉल आपल्या गुरूंकडे गेला. हेन्री रोलंड हे ते गुरू. मॅक्सवेलच्या विधानाविषयी त्यांनाही शंका होती. त्यांनी स्वतः पूर्वी याच प्रश्नावर प्रयोग केला होता आणि त्यांना काही मिळाले नव्हते. तरी त्यांनी शिष्याला परावृत्त केले नाही. उलट पुढे एक सूचना केली. धातूची जाड पट्टी नको, काचेवर सोन्याचा वरख चिकटवून पाहा.

वरख आपल्याला नवा नाही. कारागीर हातोडीने कुटून कुटून तो इतका पातळ करतात की फुंकर मारली तरी उडावा. सोन्याचा वरख मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतका पातळ असतो. त्याचे येथे काय काम, ते हिशेबाने पाहू. तांब्याची एक मिलिमीटर जाड पट्टी घ्या, तिच्यातून एक अँपिअर प्रवाह सोडा आणि एक टेस्ला इतके जोरदार चुंबकीय क्षेत्र लावा. पट्टीच्या दोन कडांमध्ये जे व्होल्टेज निर्माण होईल ते एका व्होल्टच्या कोट्यंशाहूनही कमी भरेल. त्या काळच्या उपकरणांना ते दिसणे कठीण. पण पट्टी जितकी पातळ तितके हे व्होल्टेज जास्त. जाडी दहा हजार पटीने कमी केली की तेवढ्याच प्रवाहाला व्होल्टेज दहा हजार पटीने वाढते.

ऑक्टोबर १८७९ मध्ये हॉलने वरखातून लांबीच्या दिशेने प्रवाह सोडला, वर-खाली चुंबक लावला आणि रुंदीच्या दिशेने दोन कडांना गॅल्व्हानोमीटर जोडला. काटा हलला. चुंबकाची दिशा उलट केली, काटा उलट बाजूला गेला. म्हणजे चुंबक प्रवाहालाच एका कडेकडे ढकलत होता. त्या वेळी हॉलचे वय तेवीस वर्षांचे होते. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला अजून अठरा वर्षे होती. मॅक्सवेल त्याच वर्षी नोव्हेंबरच्या पाच तारखेला वारले. त्यांच्या थोरवीला या प्रयोगाने काही उणेपणा आला नाही. एक वाक्य तपासले गेले, एवढेच.

मग आपल्या गाडीतील सेन्सरमध्ये सोने का नाही? कारण धातूत इलेक्ट्रॉनांची गर्दी फार. गर्दीत प्रत्येकाची चाल मंद. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर वाहताना इलेक्ट्रॉन सेकंदाला मिलिमीटरचा दहावा भागदेखील पुढे सरकत नाहीत. चुंबकाचा जोर वेगाच्या प्रमाणात लागतो, म्हणून व्होल्टेज क्षुल्लक. सिलिकॉनसारख्या अर्धवाहकात वाहणारे कण थोडे. तोच प्रवाह न्यायचा तर त्यांना पुष्कळ वेगाने धावावे लागते, म्हणून व्होल्टेज वापरता येईल इतके मिळते. आज विजेच्या स्कूटरच्या मोटारीत, संगणकाच्या पंख्यात, एकदिश प्रवाह मोजणाऱ्या टाँग टेस्टरमध्ये आणि कित्येक मोबाइलच्या होकायंत्रात हा परिणाम काम करतो.

लोखंडाने घातलेले कोडे

हॉल तेवढ्यावर थांबला नाही. त्याने एकामागून एक धातू तपासले. लोखंडात काटा सोन्याच्या उलट दिशेला गेला. शिवाय लोखंडासारख्या चुंबकी धातूत परिणाम साध्या धातूंपेक्षा सुमारे दहापट मोठा निघाला. त्याच्याही आधी, १८५७ मध्ये, लॉर्ड केल्व्हिन यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली होती. लोखंड आणि निकेल चुंबकित केले की त्यांचा विद्युतरोध थोडा बदलतो, आणि प्रवाह चुंबकत्वाच्या दिशेने आहे की आडवा आहे यावर तो बदल ठरतो. या गोष्टी पुस्तकांत नोंदल्या गेल्या, पण त्यांची कारणे हाती येईनात.

कारण सापडण्यासाठी इलेक्ट्रॉनचा दुसरा गुण कळावा लागला. पहिला गुण म्हणजे विद्युतप्रभार. तो आपण शाळेत शिकतो. दुसरा गुण १९२५ मध्ये हॉलंडच्या उलेनबेक आणि गाउडस्मिट या दोन तरुणांनी सुचवला. इलेक्ट्रॉन जणू स्वतःभोवती गिरकी घेत असल्यासारखा वागतो आणि त्यामुळे तो एक चिमुकला चुंबक असतो. याला स्पिन म्हणतात. तो भोवऱ्यासारखा खरोखर फिरतो असे मात्र समजू नका. भोवऱ्याचा वेग कितीही असू शकतो, पण इलेक्ट्रॉनचा स्पिन मोजताना दोनच उत्तरे मिळतात, ‘वर’ आणि ‘खाली’.

तांब्याच्या तारेत ‘वर’ आणि ‘खाली’ इलेक्ट्रॉन सारखेच असतात. दोघांचे चुंबकत्व एकमेकांस रद्द करते, म्हणून शंभर वर्षांच्या विद्युत अभियांत्रिकीला या गुणाची आठवणही करावी लागली नाही. लोखंडात तसे नाही. तेथे दोन्ही जाती समसमान नसतात. ब्रिटनच्या नेव्हिल मॉट यांनी १९३६ मध्ये मांडले की, चुंबकी धातूत वीज जणू दोन रांगांनी वाहते. एका जातीच्या इलेक्ट्रॉनांची रांग सुरळीत जाते, दुसरीला धक्के फार बसतात.

दोन रांगांचा हिशेब

आता दहावीच्या विद्यार्थ्याला करता येईल असे एक गणित. चुंबकी धातूचे दोन पातळ थर एकावर एक ठेवा आणि मध्ये साध्या धातूचा थर घाला. समजा, थराच्या चुंबकत्वाशी जुळणाऱ्या इलेक्ट्रॉनला एका थरात १ ओहम रोध होतो आणि न जुळणाऱ्याला ५ ओहम. दोन्ही थरांचे चुंबकत्व एकाच दिशेला असेल, तर पहिल्या रांगेला १ आणि १ मिळून २ ओहम आणि दुसरीला ५ आणि ५ मिळून १० ओहम रोध होईल. या दोन रांगा समांतर जोडणीत आहेत, म्हणून एकूण रोध सुमारे १.७ ओहम. आता एका थराचे चुंबकत्व उलटे करा. पहिल्या रांगेला १ आणि ५, दुसरीला ५ आणि १. दोघींनाही ६ ओहम. समांतर जोडणीचा एकूण रोध ३ ओहम. धातू तोच, जाडी तीच, केवळ एका थराच्या चुंबकाची दिशा बदलली आणि रोध जवळजवळ दुप्पट झाला. अंक मी सोयीसाठी घेतले आहेत, तत्त्व मात्र खरे आहे.

१९८८ मध्ये फ्रान्सचे आल्बेर फर्ट आणि जर्मनीचे पीटर ग्रुनबर्ग यांनी वेगवेगळे काम करून हा परिणाम प्रत्यक्ष पाहिला. दोघांनी लोखंड आणि क्रोमियमचे थर वापरले. जाडी काही अणूंइतकीच. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर; क्रोमियमचा थर एवढाच, नॅनोमीटरच्या आसपास होता. फर्ट यांच्या गटाने पुष्कळ थर रचले, आणि उणे २६९ अंश सेल्सिअसच्या थंडीत चुंबकीय क्षेत्र लावताच रोध जवळजवळ निम्मा झाला. ग्रुनबर्ग यांनी तीनच थर घेऊन नेहमीच्या तापमानाला सुमारे दीड टक्का फरक मोजला. याला महाचुंबकरोध म्हणतात. २००७ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांना मिळाले.

त्याचा उपयोगही लवकर झाला. संगणकाच्या हार्ड डिस्कवर माहिती सूक्ष्म चुंबकी ठिपक्यांनी लिहिलेली असते. ठिपका लहान केला की त्याचे क्षेत्र क्षीण होते आणि वाचणे अवघड होते. महाचुंबकरोधावर चालणारे वाचक-टोक बसवलेली डिस्क आयबीएमने १९९७ मध्ये बाजारात आणली. तिच्यात १६.८ गिगाबाइट माहिती मावत होती. आज मोबाइलमध्ये हार्ड डिस्क नसते. पण खाडीपलीकडे ऐरोली-महापे पट्ट्यात जी मोठी डेटा सेंटर उभी आहेत, तशा ठिकाणी माहितीचे मोठे साठे अजूनही हार्ड डिस्कवर ठेवले जातात, आणि त्यांच्या वाचक-टोकांना इलेक्ट्रॉनचा हाच दुसरा गुण लागतो.

प्रभाराविना प्रवाह

आता स्पिन प्रवाहाकडे येऊ. ठाणे स्टेशनचा पूल डोळ्यांसमोर आणा. शंभर माणसे लाल पिशव्या घेऊन पूर्वेकडून पश्चिमेकडे जात आहेत आणि तेवढ्याच वेळात शंभर माणसे निळ्या पिशव्या घेऊन पश्चिमेकडून पूर्वेकडे येत आहेत. दोन्ही बाजूंची माणसे मोजली तर संख्या बदललेली नाही. पण लाल पिशव्या पश्चिमेला साठल्या आणि निळ्या पूर्वेला. माणसांच्या जागी इलेक्ट्रॉन आणि पिशव्यांच्या जागी स्पिन घाला. प्रभाराचा एकूण प्रवाह शून्य, तरी स्पिनची वाहतूक चालू. हाच शुद्ध स्पिन प्रवाह.

तो कसा उत्पन्न करायचा? रशियन शास्त्रज्ञ द्याकोनोव्ह आणि पेरेल यांनी १९७१ मध्ये भाकीत केले की, बाहेरून चुंबक न लावताही, नुसत्या प्रवाहाने ‘वर’ इलेक्ट्रॉन एका कडेला आणि ‘खाली’ इलेक्ट्रॉन दुसऱ्या कडेला जमतील. याला पुढे स्पिन हॉल परिणाम हे नाव पडले. दोन्ही कडांना इलेक्ट्रॉनांची संख्या सारखीच राहते, म्हणून व्होल्टमीटरला काही दिसत नाही. यामुळे पडताळ्याला तेहतीस वर्षे लागली. २००४ मध्ये तो अर्धवाहकात प्रकाशाच्या साहाय्याने दिसला. २००६ मध्ये ॲल्युमिनियम आणि प्लॅटिनम या धातूंत उलट प्रयोग झाला. आत स्पिन प्रवाह सोडला आणि कडांना साधे व्होल्टेज मोजले. प्लॅटिनम, टँटलम, टंगस्टन अशा जड धातूंत हा परिणाम विशेष असतो, कारण जड अणूजवळून जाताना इलेक्ट्रॉनचा मार्ग आणि त्याचा स्पिन यांची सांगड घट्ट बसते. लोखंडातील ज्या मोठ्या परिणामाने हॉलला चकित केले होते, त्याच्या मुळाशीही हीच सांगड आहे.

स्पिन फार दूर टिकत नाही. प्लॅटिनममध्ये काही नॅनोमीटर गेल्यावर तो विस्कटतो, तांब्यात काही शे नॅनोमीटर टिकतो. पण तेवढ्या अंतरात तो शेजारच्या चुंबकी थराला उलटवू शकतो. म्हणजे चुंबक उलटवायला दुसरा चुंबक नको, नुसता प्रवाह पुरे. वीज गेली तरी न पुसली जाणारी संगणक-स्मृती अशा तत्त्वांवर करता येते. चुंबकी थरांची स्मृती २००६ पासून बाजारात आहे, आणि ती अधिक लहान व कमी विजेवर चालणारी व्हावी म्हणून स्पिन प्रवाहाचे संशोधन चालू आहे.

आपली माणसे

ही सगळी कामे परक्यांनीच केली, असे वाटून घेऊ नका. चुंबकी थरांच्या मधोमध धातूऐवजी विद्युतरोधकाचा अतिपातळ थर ठेवला आणि नेहमीच्या तापमानाला सुमारे बारा टक्के फरक मिळवला, तो १९९५ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या गटाने. त्याचे प्रमुख जगदीश मूडेरा हे मद्रासच्या आयआयटीचे पीएच.डी. पुणे विद्यापीठात अध्यापन केलेले सतीशचंद्र ओगले मेरीलँड विद्यापीठात असताना त्यांच्या गटाने २००३ मध्ये कथिलाच्या पारदर्शक ऑक्साइडात थोडे कोबाल्ट मिसळून उच्च तापमानाला टिकणारे चुंबकत्व नोंदवले. अशा ऑक्साइडांतील चुंबकत्व खरे त्या पदार्थाचे, की आत राहिलेल्या धातूच्या गुठळ्यांचे, यावर पुढे अनेक वर्षे वाद झाला. तो वाद हीसुद्धा विज्ञानाची रीत आहे. ओगले पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत परतले.

एक विनंती

मित्रहो, आपल्याकडे मुलांचे दोन ढीग करण्याची सवय आहे. पुस्तकातले मूल हुशार, आणि हातात पाना घेणारे मूल अभ्यासात कच्चे. एक मुलगा गॅरेजमध्ये हॉल सेन्सर बदलतो, त्याला त्यामागचे कारण कोणी सांगत नाही. दुसरी मुलगी महाविद्यालयात हॉल परिणामाचे सूत्र पाठ करते, तिने तो भाग हातात घेतलेला नसतो. दोघे एकाच गल्लीत राहतात आणि दोघांचे ज्ञान अर्धे राहते. हॉलकडे मॅक्सवेलचे पुस्तक होते आणि काचेवर चिकटवलेला वरखही होता. दोन्ही होते म्हणून काटा हलला.

यावर एक लहानसा उपाय सुचवतो. गॅरेजमधून भंगारात टाकलेली, सेन्सर चालू असलेली एक मूठ मागून आणा. मोटारीतले सेन्सर आणू नका, ते केवळ ‘चालू’ किंवा ‘बंद’ एवढेच सांगतात. मुठीतला सेन्सर बाहेर काढा. मोबाइल चार्जरचे पाच व्होल्ट लाल आणि काळ्या तारेला द्या आणि तिसऱ्या तारेवर मल्टिमीटर लावा. जवळ चुंबक नसताना सुमारे अडीच व्होल्ट दिसतील. आता चुंबक हळूहळू जवळ आणा. दर पाच मिलिमीटरला आकडा लिहा. चुंबकाची बाजू उलटी करा आणि पुन्हा लिहा. आलेख काढा. एका बाजूला आकडा वाढेल, दुसऱ्या बाजूला घटेल. एडविन हॉलचा काटा असाच दोन बाजूंना गेला होता. तीन तारांची नावे गॅरेजच्या मुलाकडून शिका, आणि त्याला आलेख काढायला शिकवा. शिक्षकांना विनंती एवढीच की, विद्यार्थ्याने पुस्तकातल्या वाक्यावर शंका घेतली तर त्याला खाली बसवू नका. रोलंड यांनी केले तेच करा आणि तपासायचे साधन सुचवा.

ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोच्या आराखड्यात बाळकुम नाक्याचे स्थानक आहे. विजेच्या गाड्यांत मोटारींचा प्रवाह मोजायला हॉल जातीची उपकरणे वापरली जातात. ती दुरुस्त करणारे, तपासणारे आणि उद्या त्यांहून चांगली बनवणारे हात कोठून तरी यावेच लागतील. ते या सभेतून का येऊ नयेत?